नेत्रदान व अवयवदान : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी अभ्यासपाठ

(इयत्ता ६ वी ते ८ वीस शिकविणाऱ्या शिक्षकांकरिता)

पाठाचे प्रयोजन

शरीरविज्ञानाच्या पाठांत विद्यार्थी डोळा, हृदय, मूत्रपिंड, यकृत इत्यादी अवयवांची रचना व कार्ये शिकतात. त्यांपैकी एखादा अवयव निकामी झाला असता मनुष्याचे काय होते, दुसऱ्या मनुष्याचा अवयव त्यास कसा उपयोगी पडतो, आणि तो मिळण्यासाठी कोणाच्या घरी कोणता निर्णय व्हावा लागतो, हा भाग मात्र पाठ्यपुस्तकाच्या मर्यादेत विस्ताराने येत नाही. तो शिक्षकाने जोडून द्यावा, एवढ्यासाठी हे विवेचन आहे.

या पाठाचा मुख्य हेतू मुलांकडून संकल्पपत्रे भरून घेणे हा नव्हे. दानाचा निर्णय अखेरीस कुटुंब करते, आणि तो शोकाच्या पहिल्या काही तासांतच करावा लागतो. ज्या घरात या विषयाचा शब्दही पूर्वी निघालेला नाही, त्या घरास अशा वेळी विचार करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून जी गोष्ट दुःखाच्या घटकेस सुचत नाही ती निवांतपणाच्या वेळी घरात बोलली जावी, आणि त्या बोलण्यास लागणारी खरी माहिती शाळेतून घरी पोहोचावी, एवढेच या पाठाचे प्रयोजन आहे.

विषयाची पूर्वपीठिका

एका मनुष्याच्या शरीराचा भाग दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसविण्याचा इतिहास डोळ्यापासून सुरू होतो. १९०५ च्या डिसेंबरमध्ये डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी मध्य युरोपातील ओलोमोउत्स या गावी डोळ्याच्या पारपटलाचे रोपण केले व रुग्णास दृष्टी लाभली. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावास बसविले. १९६७ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगू शकला नाही. शल्यकौशल्य उपलब्ध होते. परंतु परक्या अवयवास शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी औषधे त्या काळी अपुरी होती, आणि हृदय चालू असताना मनुष्य मृत मानावा काय, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात नव्हते.

ते उत्तर १९९४ साली मिळाले. संसदेने केलेल्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यास ८ जुलै १९९४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. २०२३ पासून ३ ऑगस्ट हाच दिवस भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात हा कायदा १९९५ च्या फेब्रुवारीत अमलात आला.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. मेंदूचा मृत्यू हा मृत्यूच होय, असे त्याने मान्य केले. आणि अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. २०११ च्या दुरुस्तीनंतर अशा व्यवहारास ५ ते १० वर्षे कारावास व किमान २० लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ज्या वस्तूस किंमत लावता येत नाही तीच दानास पात्र होय, हे तत्त्व कायद्याच्या मुळाशी आहे. गरिबाचे मूत्रपिंड हे श्रीमंताच्या उपचाराचे साधन होऊ नये, यासाठी ही कठोरता आवश्यक ठरली.

दानाचे प्रकार व त्यांतील भेद

येथे शिक्षकाने विशेष काळजी घ्यावी. कारण 'मेल्यावर सर्व अवयव देता येतात' असा सरसकट समज गावात पसरल्यास पुढे निराशा पदरी येते.

*पहिला प्रकार : जिवंतपणी दान.* मनुष्य आपल्या दोन मूत्रपिंडांपैकी एक किंवा यकृताचा काही भाग जवळच्या नातेवाइकास देऊ शकतो. जवळच्या नातेवाइकांत आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती व पत्नी येतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचाही समावेश झाला. भारतात असे दान करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. माता व पत्नी पुढे येतात ही त्यांच्या प्रेमाची थोरवी खरी. परंतु घेणाऱ्यांत पुरुष अधिक व देणाऱ्यांत स्त्रिया अधिक, ही विषमताही दृष्टिआड करता येत नाही. मृत्यूनंतरचे दान वाढल्यास जिवंत माणसावरील हा भार हलका होतो.

*दुसरा प्रकार : मेंदूमृत्यूनंतर दान.* अपघातात डोक्यास जबर मार बसल्याने अथवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने मेंदूचा व मस्तिष्कस्तंभाचा कायमचा नाश होतो. मनुष्य स्वतः श्वास घेऊ शकत नाही. यंत्राच्या साहाय्याने छाती हलत राहते व काही काळ हृदय चालू राहते. हीच मेंदूमृत अवस्था. बेशुद्धावस्था व मेंदूमृत्यू यांत मूलभूत अंतर आहे : बेशुद्ध मनुष्य शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत मनुष्य कधीही येत नाही. निदानात चूक होऊ नये म्हणून कायद्याने चार डॉक्टरांचे मंडळ नेमले आहे. ते ठरावीक चाचण्या दोनदा करते, व दोन्ही वेळांत किमान ६ तासांचे अंतर असावे लागते. त्यानंतरच कुटुंबाची संमती घेऊन हृदय, फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड व आतडे हे अवयव घेता येतात. एका दात्यामुळे आठ जणांपर्यंत रुग्णांस जीवदान मिळू शकते. असे दान अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच शक्य असते. घरी मृत्यू पावलेल्या व्यक्तीचे हृदय वा मूत्रपिंड घेता येत नाही.

*तिसरा प्रकार : हृदय बंद पडल्यानंतरचे दान.* यात नेत्रदान, सोय असेल तेथे त्वचादान, आणि देहदान येते. ग्रामीण भागात बहुतेक मृत्यू घरीच होतात. म्हणून खेड्यातील कुटुंबास सर्वांत जवळचे दान नेत्रदान हेच होय.

गोंदिया जिल्हा व नेत्रदान

डोळ्याच्या पुढील भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. जखम, जंतुसंसर्ग किंवा कुपोषण यांमुळे तो पांढरा पडला म्हणजे प्रकाश आत शिरत नाही. गावात यालाच 'डोळ्यात फूल पडणे' असे म्हणतात. अशा अंधत्वावर मृत व्यक्तीचे पारपटल बसविणे हाच प्रमुख उपाय आहे. दृष्टिपटल अथवा दृष्टिचेता बिघडल्याने आलेले अंधत्व या रोपणाने जात नाही, हेही सांगावे. संपूर्ण डोळा दुसऱ्यास बसविला जात नाही. केवळ पारपटल बसविले जाते.

धानाच्या प्रदेशात या विषयास वेगळे महत्त्व आहे. कापणी व चुरणीच्या दिवसांत धानाचे कुसळ, तूस किंवा तणसाचा कण उडून डोळ्यात जातो. कण लहान असतो. परंतु पारपटलावर ओरखडा उठतो, त्या ओरखड्यात बुरशी शिरते व दोन-चार दिवसांत व्रण होतो. डोळा चोळणे, झाडपाल्याचा रस अथवा दूध घालणे, दुकानातून विचारल्यावाचून थेंबाची बाटली आणणे, हे सर्व उपाय व्रण वाढविणारे आहेत. स्वच्छ पाण्याने डोळा धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जाणे, हा खरा उपाय. चुरणीच्या वेळी साधा चष्मा लावला तरी पुष्कळ डोळे वाचतात. नेत्रदानाचा पाठ देताना ही सूचना प्रथम द्यावी. दुसऱ्याचा डोळा मिळविण्यापेक्षा स्वतःचा राखणे केव्हाही श्रेयस्कर. याच न्यायाने दुचाकीवर शिरस्त्राण वापरण्याची गोष्ट मेंदूमृत्यूच्या विवेचनास जोडावी.

नेत्रदानात वेळेचे बंधन फार मोठे आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. सालेकसा, देवरी अथवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील जंगलपट्टीच्या गावी पथकास पोहोचण्यास लागणारा वेळ ध्यानी घेतला, म्हणजे निर्णय पहिल्या तासात व्हावा लागतो हे स्पष्ट होते. त्या अवधीत कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात :

१. जवळच्या नेत्रपेढीस अथवा शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागास ताबडतोब कळवावे.
२. मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला, स्वच्छ कापूस ठेवावा.
३. खोलीतील पंखा बंद करावा.
४. डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवावे.
५. मृत्यूचा दाखला व मृताच्या आजाराचे कागद हाताशी ठेवावेत.

ही क्रिया १५ ते २० मिनिटांत घरीच पूर्ण होते. चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीस अडथळा येत नाही. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या व्यक्तीचेही नेत्रदान होऊ शकते. एड्स, विषाणुजन्य कावीळ, रेबीज, धनुर्वात, रक्ताचा कर्करोग यांसारख्या रोगांनी मृत्यू आल्यास डोळे रोपणासाठी घेतले जात नाहीत. एका मृत व्यक्तीच्या डोळ्यांनी सामान्यतः दोघांस दृष्टी मिळते.

भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे स्थापन झाली. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा काळ राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो. प्रस्तुत पाठ त्या पंधरवड्यात घेणे सोयीचे होईल. धानकापणीस तेव्हा अवकाश असतो आणि डोळ्यांची निगा राखण्याची सूचनाही वेळेवर पोहोचते.

अन्य अवयवांच्या दानासाठी विदर्भात नागपूर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. कोणता अवयव कोणत्या रुग्णास द्यावयाचा, हे प्रतीक्षायादी व रक्तगट यांसारख्या निकषांनुसार ठरते. देहदानाचा विचार करणाऱ्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे आधीच चौकशी करून ठेवावी. गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले व चित्रकूट येथे ग्रामविकासाचे कार्य करणारे नानाजी देशमुख यांचे २७ फेब्रुवारी २०१० रोजी निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस अभ्यासासाठी देण्यात आला.

कुटुंबाचा निर्णय

मनुष्याने जिवंतपणी लेखी संकल्प केला असला तरी प्रत्यक्षात रुग्णालय व नेत्रपेढी कुटुंबाची संमती घेतल्यावाचून पुढे जात नाहीत. म्हणून कपाटात ठेवलेल्या संकल्पपत्रापेक्षा घरच्यांस सांगून ठेवलेला शब्द अधिक कामास येतो. आजोबांनी संकल्प केला, परंतु तो मुलांस व सुनांस ठाऊक नसेल, तर त्या कागदाचा उपयोग होत नाही. उलट कागद नसला तरी घरातील सर्वांस त्यांची इच्छा माहीत असेल, तर निर्णयास क्षणभरही लागत नाही.

मेंदूमृत्यूच्या प्रसंगी कुटुंबावर पडणारा ताण याहून मोठा असतो. समोर पडलेल्या माणसाची छाती हलत आहे, अंग ऊन आहे. अशा वेळी तो गेला आहे हे मान्य करणे आईबापांस किती कठीण जात असेल, याची कल्पना शिक्षकाने करावी व विद्यार्थ्यांसही द्यावी. नकार देणारे कुटुंब निष्ठुर नसते. त्यास विचारण्याचा अधिकार आहे, वेळ मागण्याचा अधिकार आहे आणि नाही म्हणण्याचाही अधिकार आहे. दान हे दान असेल तरच त्यास अर्थ आहे. लाजेखातर वा दडपणाने दिलेले दान पुढे मनास टोचत राहते.

होकार देणाऱ्या कुटुंबास मोबदला मिळत नाही. आपल्या माणसाचा अवयव कोणास दिला गेला, हेही त्यास सांगितले जात नाही. घेणाऱ्यासही दात्याचे नाव कळविले जात नाही. जात, धर्म, गाव व श्रीमंती यांचा विचार न करता दिलेली ही वस्तू आहे. गावाच्या दृष्टीने या दानाचा खरा अर्थ येथेच आहे : ज्यांची तोंडओळखही नाही अशा माणसांशी एक कुटुंब नाते जोडते, आणि त्या नात्याची परतफेड मागत नाही.

सामान्य शंका व त्यांचे निरसन

*डोळे दिल्यास पुढच्या जन्मी आंधळेपण येते काय?* ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. तिची थट्टा करू नये. ज्यांस परंपरेचा आधार हवा असेल त्यांस परंपरेतील दाखलेच द्यावेत. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी देवांच्या कार्यासाठी दिल्याची कथा सर्वश्रुत आहे. शिबी राजाने याचकास आपले नेत्र दिल्याची कथा बौद्ध जातकांत आहे, व ती अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात चित्रित केलेली आहे. नेत्र देणाऱ्यास परंपरेने दोषी मानले नाही, उलट पूजनीय मानले.

या कथेचा प्रभाव आधुनिक काळातही दिसून आला. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापिली. बौद्ध समाजाने दानधर्म म्हणून तीस असा प्रतिसाद दिला की १९६४ पासून त्या लहानशा देशातून परदेशांस नेत्र पाठविले जाऊ लागले. नेत्रदानासाठी देश श्रीमंत असावा लागत नाही. घरोघरी त्याविषयी बोलले जावे लागते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

*दाता होऊ असे सांगितल्यास डॉक्टर उपचारात कसूर करतील काय?* नाही. मेंदूमृत्यू ठरविणाऱ्या मंडळात अवयवरोपण करणाऱ्या डॉक्टरांस घेतले जात नाही. दोन्ही कामे वेगळ्या हातांत ठेवण्याचा हेतू हाच आहे.

*दहन वा दफन यांत बाधा येते काय?* येत नाही. अवयव काढल्यानंतर शरीर नीट शिवून सन्मानपूर्वक कुटुंबाच्या स्वाधीन करतात. ज्या समाजात दफनाची रीत आहे तेथे दफन, व जेथे दहनाची रीत आहे तेथे दहन, नेहमीप्रमाणेच होते. देहदानाची गोष्ट निराळी. त्यात देह महाविद्यालयाकडे जातो, म्हणून त्याविषयी घरात अधिक विचार व्हावा.

*खर्च कोणावर पडतो?* दानास संमती दिल्यानंतर अवयव सुस्थितीत राखण्याचा व काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेतला जात नाही. नेत्रदानासही काही आकार नाही.

वर्गातील मांडणी

पाठास दोन तासिका पुरतील. पहिल्या तासिकेत डोळ्याची आकृती फळ्यावर काढून पारपटल, बाहुली व दृष्टिपटल यांची उजळणी घ्यावी. स्वच्छ काच व दुधाळ काच यांतून दिव्याकडे पाहावयास सांगावे. फूल पडलेल्या डोळ्याची स्थिती मुलांस लगेच उमगते. त्यानंतर डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गातल्या वर्गात दहा पावले चालण्याचा अनुभव द्यावा. हा खेळ आहे असे मुलांस वाटू देऊ नये, व दृष्टिहीन व्यक्ती दयेस पात्र आहे असेही त्यातून सुचवू नये.

दुसऱ्या तासिकेत गणिताचा आधार घ्यावा. समजा, एका गावी पहाटे ४ वाजता मृत्यू झाला. नेत्रपेढीचे पथक त्या गावी पोहोचण्यास अडीच तास लागतात व क्रियेस २० मिनिटे लागतात. सहा तासांच्या मर्यादेत काम पूर्ण होण्यासाठी घरच्यांनी उशिरात उशिरा किती वाजता कळवावे? उत्तर ७ वाजून १० मिनिटे असे येते. मग विचारावे : या तीन तास दहा मिनिटांत त्या घरात काय काय चाललेले असेल? मुले स्वतःच सांगतील, की रडारड, नातेवाइकांस निरोप, अंत्यविधीची तयारी. त्या गर्दीत नेत्रदानाची आठवण कोणास राहील, या प्रश्नाने पाठाचा गाभा त्यांच्यापुढे उभा राहतो.

शिक्षकाने पाळावयाचे पथ्य

१. पाठापूर्वी वर्गातील मुलांच्या घरची माहिती करून घ्यावी. ज्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे, त्या मुलास या विषयावर प्रश्न विचारू नये.
२. मुलांकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नये. संकल्प हा सज्ञान व्यक्तीने समजून-उमजून करावयाचा असतो.
३. पालकांचे मन वळविण्याचे काम मुलांवर सोपवू नये. माहिती सांगणे, एवढेच त्यांचे काम.
४. वैद्यकीय प्रश्नाचे नेमके उत्तर ठाऊक नसल्यास अंदाजाने देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस शाळेत बोलवावे.
५. जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक चौकशी करून शाळेच्या दर्शनी फलकावर लिहून ठेवावा व दरवर्षी तपासून घ्यावा. जुना क्रमांक ऐन वेळी घात करतो.

स्वाध्याय व चर्चेसाठी प्रश्न

१. बेशुद्धावस्था व मेंदूमृत्यू यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. मेंदूमृत्यूच्या चाचण्या दोनदा व सहा तासांच्या अंतराने का केल्या जातात?
३. चुरणीच्या दिवसांत डोळ्यांची काळजी कशी घ्याल? घरातील मोठ्यांस विचारून पाच वाक्ये लिहा.
४. अवयवांची विक्री करण्यास कायद्याने बंदी का केली असावी?
५. नेत्रदानाविषयी आज शिकलेल्या दोन गोष्टी घरी सांगा. घरच्यांनी काही शंका विचारली तर ती लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरांकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. मुलांनी आणलेल्या शंका एका वहीत नोंदवून ठेवाव्यात व पुढील पालकसभेत आरोग्य अधिकाऱ्यांकडून त्यांची उत्तरे मिळवून द्यावीत. कोणत्या घराने दानाचा संकल्प केला व कोणत्या घराने केला नाही, याची नोंद मात्र शाळेने ठेवू नये. ज्या घरात जेवणाच्या पानावर हा विषय एकदा निघाला, तेथे पाठाचे काम झाले असे समजावे. पुढचा निर्णय त्या घराचा.